खरेदीदार कर्जात वारला म्हणून जमिनीची बाकी बुडत नाही

जमीन विकली, खरेदीखत झालं, ताबाही दिला. पण मोबदल्यातला काही भाग राहिला आणि घेणारा कर्जात बुडालेला असताना वारला. अशा विक्रेत्यांना एक संदेश पुढे पाठवला जातो: 'पैसे थकले की खरेदीखत आपोआप रद्द. नाहीतर वारस कर्ज देणं लागत नाहीत, बाकी घेणेकऱ्यांसोबत रांगेत उभे राहा. तीन वर्षं उलटली तर विषय संपला.' यावर विसंबून लोक चुकीचा दावा लावतात किंवा लावतच नाहीत.

'खरेदीखत आपोआप रद्द.' नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार किंमत दिलेली असो, कबूल केलेली असो, विक्री पूर्ण होते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दहिबेन खटल्यात हेच सांगितलं: मोबदला थकला हे खत रद्द करण्याचं कारण नव्हे. पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी जाणार नाही असं खतातच स्पष्ट ठरलं असेल, तर गोष्ट वेगळी.

'घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहा.' खरं नुकसान इथे होतं. वारस स्वतःच्या खिशातून देणं लागत नाहीत, एवढं त्या संदेशात बरोबर आहे. मयताची जी मालमत्ता हाती आली, तेवढ्यापुरतेच ते जबाबदार. पण विकलेली जमीन त्याच मालमत्तेत आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 55(4)(ब) नुसार न मिळालेल्या किमतीचा, ताबा दिल्यापासूनच्या व्याजासह, तिच्यावर बोजा असतो, म्हणजे ती रक्कम त्या जमिनीतूनच वसूल करण्याचा हक्क. वेगळा दस्त लागत नाही. समजा मोबदला 40 लाख, मिळाले 25. मयताची इतर उधारी 60 लाख आणि जमीन लिलावात 30 लाखांना गेली. आधी विक्रेत्याचे 15 लाख आणि व्याज, उरलेलं इतरांना. जमीन 12 लाखांनाच गेली, तर राहिलेल्या 3 लाखांसाठी आणि व्याजासाठी मात्र तो इतरांसारखाच, आणि तेही वैयक्तिक वसुलीची मुदत शिल्लक असेल तर. मयताविरुद्ध हयातीतच नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज झालेला असेल, तरी प्रांतिक नादारी अधिनियम, 1920 चं कलम 28(6) हा बोजा वसूल करण्याचा हक्क राखतं.

'तीन वर्षं उलटली.' ती मुदत व्यक्तीकडून वसुलीची. बोजा वसूल करायला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 62 प्रमाणे रक्कम देय झाल्यापासून 12 वर्षं मिळतात.

बोजा निसटतो तो दुसऱ्याच कारणाने. खतात बहुधा छापील वाक्य असतं: 'संपूर्ण मोबदला भरून पावलो, काही एक तक्रार नाही.' पैसे मिळाले नव्हते हे मूळ पक्षांमध्ये पुराव्याने दाखवता येतं. पण ते वाक्य वाचून, पैसे मोजून, थकबाकीची माहिती नसताना कुणी जमीन घेतली किंवा बँकेने ती तारण ठेवली, तर त्यांच्यावर बोजा चालत नाही. याउलट 'पैकी 15 लाख अमुक तारखेस देणे' असं नोंदणीकृत खतात असेल, तर पुढच्या प्रत्येकाला ते माहीत होतं असंच कायदा धरतो. सही करण्याआधी हे एक वाक्य वाचा. सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त नोंद झाली तर उत्तमच, पण त्या नोंदीने बोजा निर्माण होत नाही आणि ती नसल्याने संपतही नाही.

दावा जमीन जिथे आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात लावा, आणि नुसत्या रकमेचा नको: बोजा जाहीर करून जमीन विकून वसुली मागा. प्रतिवादी म्हणून सगळे वारस घ्या. मुली आणि विधवा सुटतात, आणि पुढे तिथेच अडतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 34 प्रमाणे आधी प्राथमिक हुकूमनामा, पैसे भरायला मुदत, मग विक्रीचा अंतिम हुकूमनामा. दावा दाखल होताच त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे वारसांनी मधेच जमीन विकली तर घेणाऱ्याला हात वर करता येणार नाहीत. आणि दावा चालू असताना एखादा प्रतिवादी वारला, तर त्याचे वारस 90 दिवसांत अभिलेखावर आणा; नाहीतर त्याच्यापुरता दावा रद्दबातल होतो आणि तो पुन्हा उभा करायचा अर्ज पुढच्या 60 दिवसांत द्यावा लागतो.