व्याह्यांच्या तोंडाचा मग

रविवारच्या हस्तकला बाजारात माझा एकही टिकी मग (चेहरा कोरलेला मातीचा पेला) खपला नाही, त्याचं मला काही वाटत नाही. (वाटतं. पण ते सोडा.) राग आहे तो डोंबिवलीच्या काकांचा.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मी टेबल मांडून बसले होते. आईला फोनवर "नंतर करते गं" म्हणाले, तेवढ्यावर काका येऊन उभे. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले; अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पायात जावयाचे बूट. हात पाठीशी बांधून त्यांनी जनगणनेला आल्यासारखा एकेक मग न्याहाळला.

"कुठला राक्षस हा?"

"राक्षस नाही काका, टिकी. पॉलिनेशियातल्या बेटांवर लाकडात, दगडात कोरतात. माओरी कथांमध्ये टिकी म्हणजे पहिला माणूस."

"म्हणजे त्यांचा मनूच की! आणि त्याच्या डोक्यात दारू ओतायची?"

हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मी घाईघाईने सगळं व्हिक्टर बर्जरॉनवर ढकललं. याच ओकलंडात त्याने १९३४ साली खानावळ काढली, पुढे ती बेटांच्या थाटाची 'ट्रेडर व्हिक्स' झाली, आणि १९४४ साली 'माय ताय' हे दारूचं पेय आपणच शोधलं असं तो सांगे. बेटांचा नुसता देखावा, पेय इथलंच.

"म्हणजे तो तिकडचा नव्हता आणि तूही नाहीस."

"नाही."

"छान," काका म्हणाले. हे 'छान' मी सासूबाईंकडून आमटीबद्दल ऐकलेलं आहे.

मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि न विचारता माझ्या मगात पाणी ओतलं. काठोकाठ. "अर्धा लिटरसुद्धा मावत नाही." मी म्हटलं, यात कुटलेला बर्फ भरतात. "म्हणजे पैसे बर्फाचे!" साठ डॉलर ऐकल्यावर त्यांनी मोठ्याने रुपये केले. पाच हजारांच्या वर. शेजारच्या मेणबत्तीवालीला मराठी येत नाही, पण तिलाही कळलं.

आता हे मला सांगायचंच आहे. चाकावर मातीचं नळकांडं ओढायचं, आकार धरेल पण नख रुतेल इतपत सुकू द्यायचं, मग कोरायचं. घाई केली तर भुवया फरफटतात, उशीर केला तर दात तुटतात. जाड नाकात ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन नाक फुटतं आणि दुसऱ्या कुणाच्या वाडग्यात जाऊन बसतं. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप, मग पुन्हा १२२० अंश. शेवटपर्यंत माती सुमारे १२ टक्के आक्रसते, म्हणून मुळातच मोठं करायचं. ग्लेझ ओघळून भट्टीच्या फळीला चिकटलं तर फळीचा दंड वेगळा. साच्यातून शेकड्याने निघालेल्या मगाशी कोणी घासाघीस करत नाही; त्याला छापील किंमत असते. हाताने केलं की लगेच, "हौस आहे ना तुला, मग पैसे कशाला?" काकांच्या जावयालाही कोड लिहायची हौस आहे म्हणे. त्याला कोणी विचारलं का?

मी हे बोलत असताना काका माझी पाटी वाचत होते. "ऑर्डरप्रमाणे करतेस?" त्यांनी फोन पुढे केला. फोटोत एक गृहस्थ, फेटा, कपाळाला आठ्या.

"आमचे व्याही. लग्नात श्रीखंड आंबट आहे म्हणून सगळ्या पंगतीला सांगत फिरले. हा चेहरा होईल? दात असेच ठेव. वर भोक मोठं कर."

मघाचा मनू कुठल्या कुठे गेला होता. आणि खरं सांगते, भुवया अप्रतिम होत्या. कोरायला हात शिवशिवले. मी म्हटलं, ऐंशी डॉलर, निम्मे आगाऊ.

"आधी करून तर दाखव. मुलीला आवडलं तर बघू."

नंतर मगातलं पाणी ते वरून, घटाघट प्यायले, रुमालाने मग पुसून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "गळत नाही." माझं कार्ड मात्र आठवणीने नेलं.

आज पहाटे मेसेज आला. गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ, आणि खाली व्याह्यांचा दुसरा फोटो: 'नाक बाजूने असे आहे.'