महिन्यातून एकदा, पट्टीनं मोजून

आईस्क्रीमवरचा जीएसटी 18 चा 5 झाला तेव्हा अण्णांनीच कट्ट्यावर पेपर फडकावला होता. उन्हाळा आला, पण अण्णांच्या घरचं कुणी आईस्क्रीमला बाहेर पडलेलं दिसलं नाही. परवा बाळू पोरांना घेऊन काँग्रेस रोडला आईस्क्रीम खाऊन आल्याचं बोलून गेला आणि सापडला.

"या महिन्यात कितव्यांदा?" अण्णा.

"मोजतोय कोण गा?"

"मोजायला पाहिजे. महिन्यातून एकदा, बस्स. आणि बेळगावात उन्हाळा असतो कुठं? दुपारी चार घटका ऊन, संध्याकाळी वळीव. गारा पडल्या की वाटीत गोळा करायच्या, वर कोकम ओतायचं."

हे ते गमतीनं बोलत नव्हते. अण्णांच्या घरी फॅमिली पॅक येतो. तो सुरीनं कापतात आणि कापण्याआधी नातवाच्या कंपासातली पट्टी लावतात. बसूनं डोळ्यांनी बघितलंय.

परशा उद्यमबागेतनं शिफ्ट संपवून येतो, त्यामुळं उशिरा येऊनही त्याला कुणी अडवत नाही. "अण्णा, घरात आणलं की वाट्या वहिनींनी घासायच्या. बाहेर गेलं की वाट्या दुकानदाराच्या. माझी बायको सातपासनं साडी काढून ठेवती, पोरं फ्लेवरवरनं भांडालेत. आईस्क्रीम दहा मिनिटांत संपतंय व्हय, पण आमची मजा सातलाच सुरू झालेली असती. चौघांना सिनेमाला नेऊन बघा, हॉटेलात बसवून बघा, मग स्वस्त काय ते सांगा."

अण्णांनी मोर्चा वळवला. "आईस्क्रीम तरी असतं का ते? डब्यावर वाच. फ्रोझन डेझर्ट! दुधाच्या फॅटच्या जागी वनस्पती तेल. आईस्क्रीम म्हणायचं तर दुधाचं फॅट 10 टक्के तरी पाहिजे."

हे मात्र खरं आहे. सगळेच डबे तसले नसतात, पण बारीक अक्षर वाचतो कोण?

"म्हणूनच मी नंदिनीचं खातो," परशा म्हणाला.

बसू इतका वेळ शेंगा सोलत होता. "कर्नाटकाच्या नंदिनीचं खातोस आणि बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतोस?"

"31 ऑक्टोबरपर्यंतच खातो की. मग थंडी पडतीच."

बसूच सगळ्यात जास्त हसला. बाळूला मात्र निकाल हवा होता. "मास्तर, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी चष्मा पुसला. "अण्णांचं बरोबर आहे. एकदाच."

"झालं!" परशानं कपाळावर हात मारला. "महाजन आयोग! बेळगावसाठी मागणी आमची, निकाल कर्नाटकाच्या बाजूनं."

पण मास्तरांचं कारण वेगळंच निघालं. त्यांच्या घरी मे महिन्यात एकदा पॉट निघायचा. लाकडी बादली, मधे आटवलेल्या दुधाचा आणि आमरसाचा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ. मीठ कमी पडलं की दूध तसंच पातळ राहायचं, म्हणून मुठी मुठी मारायचं काम आजीकडं. सुरुवातीला हँडल इतकं हलकं की बारकी पोरं रांग लावायची. घट्ट व्हायला लागलं की पोरं पळायची आणि काका बाही सरसावून बसायचे. आतली फळी चाटायचा मान शेवटी फिरवणाऱ्याला. बोलता बोलता मास्तरांचा हात हवेत फिरत होता.

"आणि तुम्ही किती वाट्या खायचा?" बाळूनं विचारलं.

"तुझ्याइतक्या नाही," मधेच अण्णा. "आमच्या सुमीच्या लग्नात हा तीनदा आला."

"दोनदा!"

"तीनदा. शेवटच्या वेळी टोपी काढून आला, ओळखू येऊ नये म्हणून."

"अण्णा, त्या लग्नाला सोळा वर्षं झाली."

"असू देत. मी काउंटरपाशीच उभा होतो."

परशा उठून उभा राहिला. "थांबा थांबा. पोरीचं लग्न, आणि बाप आईस्क्रीमच्या काउंटरवर? मग कन्यादान कुणी केलं?"

"साकु बिडो," पुरे, सोड, असं कानडीत म्हणत बसूनं हात जोडले, पण शेंग घशात अडकून त्यालाच ठसका लागला. अण्णा पाठीवर थापट्या मारत म्हणत होते, "कन्यादान सकाळी झालं होतं रे, आईस्क्रीम दुपारी होतं!" पण ऐकतंय कोण.