मी क्लास काढला त्याची गोष्ट

‘क्लास काढतोय’ हे वाक्य आपल्याकडे जपून उच्चारावं. मी फोनवर मित्राला म्हणालो, आईने ऐकलं, आणि संध्याकाळी समोरच्या काकू नातवाचं दहावीचं गणित घेऊन दारात हजर. ‘फी किती घेणार रे?’ डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा फाशांचा खेळ असतो, त्यात क्लास म्हणजे पात्राचा पेशा, हे मी त्यांना समजावलं. ‘म्हणजे गणित नाही?’ गणितच होतं, काकू. त्यानेच घात केला.

१९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार, पुरोहित. पुढच्या वर्षी चोर आला आणि तिथून कोणाचंच समाधान झालेलं नाही. २०१४च्या पुस्तकात बारा क्लास आहेत. मला तेरावा हवा होता. कीर्तनकार.

पहिल्या मसुद्यात मी परंपरा सोडली नाही. आधी नमन, मग पूर्वरंग, मध्यंतरात बुक्का, आणि उत्तररंगात शत्रूचा नि:पात. पूर्वरंगाला तीन मिनिटं दिली. प्रामाणिकपणे सांगतो, कमीच दिली. पण या खेळात एक फेरी सहा सेकंदांची; तीन मिनिटं म्हणजे तीस फेऱ्या. लढाई चार-पाच फेऱ्यांत आटोपते. ड्रॅगन मेला, खजिन्याची वाटणी झाली, मंडळी घोड्यांवर बसली, तरी आमचे बुवा नमनातच.

दुसऱ्या मसुद्यात वेळ काढून टाकली आणि श्रोते आणले. ऐकणाऱ्या प्रत्येक जिवामागे शत्रूला एक पॉइंट इजा. चार श्रोते, चार पॉइंट. यात कुठे भोक असेल असं मला वाटलं नाही. पण आमच्या टेबलावर एक सीए आहे. तो नियम वाचत नाही, कलमं वाचतो.

रविवारी त्याचा तिसऱ्या लेव्हलचा कीर्तनकार बाजारात गेला आणि चार डझन कोंबड्या घेऊन आला.

‘कोंबडी श्रोता कशी?’

‘जीव आहे. कान आहेत, पिसांखाली असतात. तू “जीव” लिहिलंयस.’

अठ्ठेचाळीस पॉइंट. पाचव्या लेव्हलचा जादूगार फायरबॉल टाकतो तेव्हा सहा बाजूंचे आठ फासे पडतात, सरासरी अठ्ठावीस. तोही बिचारा दिवसातून दोन-तीनदाच टाकू शकतो. इकडे पिंजरा उघडला की उत्तररंग सुरू. राक्षसांचा सरदार पहिल्याच अभंगात गेला. त्याच्यासाठी मी चार पानांचं भाषण लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या मसुद्यात घातलं: ‘श्रोत्याला भाषा समजली पाहिजे.’ आमच्या ड्रूइडने, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या क्लासवाल्याने, शांतपणे प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र काढला. दहा मिनिटं चालतो. दहा मिनिटं म्हणजे शंभर फेऱ्या, हा हिशोब आता मला तोंडपाठ होता.

मग मी डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, अधिकार वापरला आणि क्लासवरच बंदी घातली. तसंही सगळे म्हणतच होते की हा बार्डच आहे, म्हणजे खेळातला गाणाऱ्या शाहिराचा क्लास, फक्त उपरणं घेतलेला. टेबलावर मतदान झालं. कीर्तनकार रद्द, एकमताने. कोंबड्या मात्र राहणार, हेही एकमताने. तोवर त्यांतल्या सहांना नावं पडली होती.

काल रात्री दीड वाजेपर्यंत कोंबड्यांचे हिट पॉइंट, म्हणजे कोण किती मार सोसेल ते, लिहीत होतो. सीएचा मेसेज आला आहे: ‘अंडी श्रोत्यांत धरायची का?’