चार मुलं, दोनशे खटले

बाबांचा फोन रविवारी सकाळी येतो. साताऱ्यात तेव्हा संध्याकाळ झालेली असते. २०२३ च्या नवरात्रात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यानंतरच्या रविवारी ते म्हणाले, "बरं झालं. तुमच्या अमेरिकेलाही आता उपरती होतेय म्हणे. एकेक राज्य कायदे करून हे सगळं बंद करतंय. मग त्यांनी टाकलेलं आपण कशाला उचलायचं?"

"बाबा, त्यातलं एक राज्य माझं आहे," मी म्हटलं. पुढे काय बोलावं ते मात्र सुचेना. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा. त्यांना फोनवर तोडून बोलणं मला जमत नाही. त्या दिवशी राहिलेलं आता लिहून काढते आहे.

मी नॉर्थ कॅरोलिनात कॅरी नावाच्या गावात राहते. राजधानी रॅली इथून हाकेच्या अंतरावर. मराठी माणसं भरपूर आहेत, गणपती बसतो, ढोल वाजतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराने, शार्लटने, एक नियम केला: दुकानात, हॉटेलात, टॅक्सीत कुणालाही तो समलिंगी किंवा पारलिंगी (जन्माच्या नोंदीतल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेला) आहे म्हणून नाकारायचं नाही, आणि पारलिंगी व्यक्तीला स्वतःच्या ओळखीप्रमाणे स्वच्छतागृह वापरू द्यायचं. तो नियम हाणून पाडायला विधिमंडळाचं एका दिवसाचं खास अधिवेशन भरलं. तारीख २३ मार्च. सकाळी विधेयक मांडलं, सिनेटमधले डेमोक्रॅट सभात्याग करून बाहेर पडले, ३२ विरुद्ध शून्य असं मतदान झालं आणि त्याच रात्री गव्हर्नर पॅट मॅक्रोरी यांनी सही केली. सरकारी इमारतींत आणि सरकारी शाळांत प्रत्येकाने जन्मदाखल्यावर लिहिलेल्या लिंगाप्रमाणेच स्वच्छतागृह वापरायचं, असा तो कायदा. लोक त्याला 'एचबी टू' म्हणतात.

होळीचा आठवडा होता. मंडळासाठी आम्ही चौघी-पाचजणी पुरणपोळ्या लाटत होतो. कुणीतरी विषय काढला, कुणीतरी म्हणालं, "आपल्याला काय त्याचं?" आणि मी मान डोलावली. हे मला आजही आठवतं आणि बोचतं.

कारण नंतर मी तो कायदा मुळातून वाचला. स्वच्छतागृहं हा त्याचा पहिलाच भाग होता. पुढे लिहिलं होतं की कुठल्याही शहराने खासगी कंपन्यांना राज्यापेक्षा जास्त किमान वेतन द्यायला लावायचं नाही. त्याहून पुढे, वंश, धर्म, रंग, मूळ देश यांवरून नोकरीतून काढलं गेलं तर राज्याच्या न्यायालयात दाद मागण्याचा जो रस्ता होता, तोच बंद केला होता. मूळ देश म्हणजे मी, पोळी लाटणाऱ्या आम्ही सगळ्याजणी. जुलैमध्ये ओरड झाल्यावर तो हक्क परत दिला, पण दाव्याची मुदत तीन वर्षांवरून एक वर्षावर आणून. "बायका-मुलींच्या सुरक्षिततेसाठी" म्हणून गाजवलेल्या कायद्याच्या पोटात हे होतं, आणि आमच्या गप्पांत त्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हापासून असा कायदा आला की मी तो शेवटून वाचायला घेते.

त्या कायद्याची किंमत राज्याने मोजली. पेपॅलने शार्लटमधल्या चारशे नोकऱ्या रद्द केल्या, बास्केटबॉलच्या एनबीएने २०१७ चा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्सला हलवला. असोसिएटेड प्रेसच्या हिशेबाने बारा वर्षांत ३७६ कोटी डॉलर बुडणार होते. मॅक्रोरी त्याच नोव्हेंबरात सुमारे दहा हजार मतांनी पडले. मार्च २०१७ मध्ये तडजोड होऊन स्वच्छतागृहाचं कलम गेलं. पण शहरांनी असे नियम करायचे नाहीत ही बंदी २०२० च्या डिसेंबरपर्यंत तशीच राहिली.

मला वाटलं, झालं, माणसं शहाणी झाली. मी चुकले. राजकारण्यांनी यातून धडा घेतला तो एवढाच की लढाईची जागा चुकली होती. स्वच्छतागृहावरून कंपन्या पळतात, पण मैदानावरून आणि दवाखान्यावरून पळत नाहीत. पुढची विधेयकं खेळांवर आली, मग शाळेच्या पुस्तकांवर, मग मुलांच्या डॉक्टरांवर. एका राज्यातला मसुदा दुसऱ्या राज्यात जवळजवळ शब्दशः दिसायचा.

इथे मला यूटामधली गोष्ट सांगायची आहे. माझं काम औषधांच्या चाचण्यांमधल्या आकड्यांचं आहे, त्यामुळे ती माझ्या डोक्यातून जात नाही. मार्च २०२२ मध्ये यूटाच्या विधिमंडळाने पारलिंगी मुलींना मुलींच्या संघातून खेळायला बंदी करणारं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स रिपब्लिकन पक्षाचेच, आणि त्यांनी ते परत पाठवलं. सोबत पत्र लिहिलं आणि पत्रात आकडे दिले. राज्यात हायस्कूलमध्ये खेळणारी मुलं ७५ हजार. त्यांतली पारलिंगी चार. त्या चारांतली मुलींच्या संघात खेळणारी एक. एवढ्या थोड्यांवर एवढी भीती आणि एवढा राग क्वचितच काढला गेला असेल, आणि मला ती मुलं जगायला हवी आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. तीन दिवसांत विधिमंडळाने त्यांचा नकार मोडून काढला.

खेळातल्या न्यायाचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी पोहते, शर्यतीत एका सेकंदाचा दहावा भाग म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मोठ्या स्पर्धांसाठी नियम असावेत, आणि ते त्या त्या खेळाच्या संघटनांनी शरीरशास्त्र जाणणाऱ्यांना बरोबर घेऊन करावेत. पण त्या राज्यात प्रश्न एका मुलीचा होता. एका मुलीसाठी अख्खं विधिमंडळ दोनदा बसतं, याचा अर्थ त्यांना ती मुलगी दिसतच नव्हती, निवडणूक दिसत होती.

बाबा, आता आपल्याकडचा आकडा. ११ डिसेंबर २०१३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेला दिलासा काढून घेतला. निकालात म्हटलं होतं की दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी लोकांवर खटले चालल्याचं दिसतं, आणि हे लोक देशाच्या लोकसंख्येचा अगदी क्षुल्लक अंश आहेत. थोडे आहेत, म्हणून कलम राहू द्या. यूटात थोडे होते, तरी त्यांच्यासाठी नवा कायदा करा. दोन देश, दोन उलटे तर्क, आणि दोन्हीकडे मार त्याच माणसांच्या पाठीवर.

माझ्या कामात एक नियम आहे. हजार रुग्णांच्या चाचणीत एकाला गंभीर त्रास झाला तरी तो ठरलेल्या मुदतीत कळवावा लागतो. एकच आहे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या न्यायालयालाही हे पुढे उमगलं. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात त्याने स्पष्ट म्हटलं की संख्या लहान असणं हे हक्क नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरतं ३७७ गेलं. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. तुम्ही अमेरिकेच्या मागे जाण्याबद्दल बोलता, पण त्या दिवशी मी ऑफिसात ते वाचत होते आणि मला माझ्या देशाचा अभिमान वाटला होता.

आमच्या राज्यात १६ ऑगस्ट २०२३ ला, एकाच दिवसात, गव्हर्नर रॉय कूपर यांचे तीन नकार मोडून तीन कायदे झाले. खेळांचा एक. शाळेचा एक: मुलाने वेगळं नाव लावायचं म्हटलं तर शाळेने आईवडिलांना कळवायचं. आणि तिसरा, अठराखालच्या मुलांना वयात येणं लांबवणारी औषधं आणि संप्रेरकं द्यायला डॉक्टरांना बंदी. १ ऑगस्टपूर्वी ज्यांचे उपचार सुरू झाले होते त्यांना सूट.

आमच्या ओळखीचं एक घर आहे. आई कोल्हापूरची, वडील नागपूरचे, दोघंही मंडळात सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारे. त्यांचं धाकटं मूल लहानपणापासून आपण मुलगी आहोत असं सांगत होतं. त्यांनी घाई केली नाही. दोन वर्षं समुपदेशन, मग मुलांच्या डॉक्टरांचं मत, मग आणखी एकाचं. पुढच्या तपासणीची तारीख मिळाली ती सप्टेंबरची. एका महिन्याच्या फरकाने ते सुटीच्या बाहेर पडले. मग दर काही आठवड्यांनी गाडीने तीन तास, व्हर्जिनियात. सीमेच्या अलीकडे बंदी आणि पलीकडे उपचार. भारतात मोठी झालेल्या मला हे अजून पचत नाही. आपल्याकडे कोल्हापूरहून निपाणीला गेलं तर भाषा बदलते, पण डॉक्टर उपचार करू शकतो की नाही हे बदलत नाही.

त्या मुलीची आई त्या गणपतीत आली नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "अगं, आरतीच्या वेळी कुणीतरी तिला जुन्या नावाने हाक मारेल आणि ती तिथेच रडेल. आणि कुणाला सांगू, कसं सांगू?" आमच्या मंडळात कुणी वाईट बोललं असतं असं मला वाटत नाही. पण कुणी चांगलं काही बोललं नव्हतं हेही खरं, आणि त्यात मी होते.

या औषधांबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी डॉक्टर हिलरी कॅस यांचा अहवाल आला, त्यात पुरावा कच्चा असल्याचं म्हटलं आहे. मी तो गंभीरपणे वाचला, कारण पुरावा तोलणं हेच माझं काम. पुरावा कच्चा असेल तर अभ्यास वाढवावा, निकष कडक करावेत, प्रत्येक मुलाचा वेगळा विचार व्हावा. पक्षादेश काढून, ज्यांनी असं एकही मूल पाहिलेलं नाही त्यांनी सरसकट बंदी घालणं ही वैद्यकीय सावधगिरी नव्हे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा असाच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला, तेव्हा अशा बंदीला न्यायालयात आव्हान देण्याचा मुख्य रस्ताही बंद झाला. बाबा ज्याला उपरती म्हणतात ती ही.

आणि हे लोण आपल्याकडे येत नाही असं नाही. २०२१ मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं याची शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. त्यात स्वच्छतागृहांचाही विचार होता. बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गेली. २०२३ मध्ये केंद्राने न्यायालयात समलिंगी विवाहाच्या मागणीला शहरी उच्चभ्रूंचं मत म्हटलं. आता आमच्या नातेवाइकांच्या गटावर अमेरिकेतले तेच तेच व्हिडिओ मराठी मथळे लावून फिरतात: शाळा तुमची मुलं बिघडवते आहे. तुम्ही म्हणता हे पाश्चात्त्यांचं खूळ. मला तर दिसतंय की आपण पाश्चात्त्यांकडून उचलतो आहोत ती भीती.

भीती नसताना काय होतं तेही आपल्याकडेच घडलं आहे. जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, त्या तृतीयपंथी म्हणून तो फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना निवडून दिलं. प्रश्न शार्लटचाच होता, बाईच्या जागेवर कुणाचा हक्क. त्याचं उत्तर देणारे त्यांना रोज बघणारे लोक होते, कुठल्या शहरातले उच्चभ्रू नव्हेत.

म्हणून आपलं सगळं चांगलं असं नाही. लहानपणी दुकानाच्या दारात टाळी वाजली की तुम्ही मला आत ओढायचात, बाबा. ती माणसं कुठे राहतात, त्यांना खोली कोण देतं, हे आपण कधी विचारलं नाही. २०१४ मध्ये न्यायालयाने आपली ओळख आपण ठरवायची असं सांगूनही २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याची अट घातलीच. पण आपल्याकडे कुणी या माणसांविरुद्ध मतं मागून निवडणूक जिंकल्याचं मला तरी आठवत नाही. २०२४ मध्ये इथे तसा प्रचार झाला. फुटबॉलच्या सामन्याच्या मधल्या वेळेत जाहिरात लागायची: हॅरिस 'त्यांच्या' आहेत, ट्रम्प तुमचे. माझी मुलगी शेजारी बसून पाहत होती. 'ते' म्हणजे कोण हे तिला ठाऊक होतं, कारण 'ते' तिच्याबरोबर लेझीम शिकले होते.

त्या कोल्हापूर-नागपूरच्या कुटुंबाने गेल्या वर्षी इथलं घर विकलं. आता ते व्हर्जिनियात, रिचमंडला राहतात. यंदा गणपतीच्या लेझीम पथकाची यादी माझ्याकडे आहे. मी त्या मैत्रिणीला फोन केला, मुलीला यायचं आहे का विचारलं. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही, मग तिने फोन लेकीकडे दिला. मी यादीत तिने सांगितलेलं नाव लिहिलं आहे, आणि ती यादी रात्रीच मंडळाच्या सगळ्यांना पाठवली आहे. तालीम शनिवारी दहाला आहे. रिचमंडहून त्यांना सातच्या आत निघावं लागेल, म्हणून मी न्याहारी माझ्याकडे ठेवली आहे.