एक सर्व्हर पडला की पाचही गोडाऊन बंद?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. एक वाडीचा ट्रान्सपोर्टर, एक कळमन्याचा गोडाऊनवाला, एक आमचाच अकाउंटंट आणि चौथे खुद्द आमचे मालक. त्यांनी सोबत फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लॉजिस्टिक्सवाल्यांनो, गोडाऊनचं सॉफ्टवेअर एका सामायिक सर्व्हरवर नेऊ नका. एक पडला की सगळे पडतात. इंटरनेट गेलं की गोडाऊन गेलं. स्कॅनर रखडतात. व्हायरस एकदम सगळीकडे शिरतो. लायसन्स परवडत नाही. पार्ट्यांचा, म्हणजे माल ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांचा, डेटा एकमेकांत मिसळतो. आणि शेवटी ठळक अक्षरांत: चालतंय ते चालू द्या.

नागपूरच्या आसपास आमची पाच गोडाऊन आहेत, वाडीपासून बुटीबोरीपर्यंत. पाचही ठिकाणचे सर्व्हर उचलून एका जागी आणायचं काम वर्षभर मीच केलं. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेसेजमधला एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि नेमका तोच लिहिणाऱ्याने अर्धवट मांडलाय.

‘एक पडला की सगळे पडतात’ यामागे एक गृहीतक आहे, की पाच वेगळे सर्व्हर म्हणजे पाच सुरक्षित सर्व्हर. आता कापसीची गोष्ट ऐका. एप्रिलची सकाळ, साडेनऊला फोन आला, “सर, सर्व्हरच नाही दिसून रायला.” भंडारा रोडने पोचलो तर डॉकवर अकरा गाड्या उभ्या. सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या टेबलाखालचा २०१४ सालचा डबा. वर चिकटवलेली चिठ्ठी, ‘बंद करू नये’. डबा बंद. त्याचा प्लग काढून तिथे कूलरची वायर खोचलेली. खिडकीत नवाकोरा कूलर, वाळ्याच्या ताट्या अजून ओल्या, आणि त्याचे तुषार थेट डब्याच्या पाठीवर. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधी मेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ओरडलो तर सुपरवायझर शांतपणे म्हणाला, “भाऊ, माणसं बसतीन कुठं मंग?”

त्याचंही चूक नव्हतं. पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या त्या केबिनमध्ये एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय बसणं अशक्य. प्लग उपसला तेव्हा डेटाबेस लिहिण्याच्या मधोमध होता. तो दुरुस्त होईतो तीन तास गेले.

मेसेजवाला म्हणेल, बघा, बाकीची चार गोडाऊन तर चालू राहिली ना? राहिली. पण त्या वर्षी पाचपैकी एकही गोडाऊन असं नव्हतं ज्याच्या वाट्याला असा दिवस आला नाही. कुठे हार्ड डिस्क गेली, कुठे पावसाळ्यात विजेच्या झटक्याने पॉवर सप्लाय जळला. आम्ही आयटीत तिघं. पाच ठिकाणच्या पाच डब्यांची निगा तिघांनी राखायची म्हणजे कुणाचीच नीट राखली जात नाही.

आता आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत, एका एसी खोलीत, आणि पाचही गोडाऊनचं सॉफ्टवेअर त्यांवर वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेल्या स्वतंत्र संगणकांत) चालतं. एक सर्व्हर मेला की त्यावरची मशीनं उरलेल्या दोघांवर पुन्हा सुरू होतात. ‘पुन्हा सुरू’ हे शब्द नीट वाचा. दोन-तीन मिनिटं जातात, स्कॅनरवर परत लॉगिन करावं लागतं, अर्धवट राहिलेली एंट्री पुन्हा मारावी लागते. ‘एक सेकंदही बंद पडणार नाही’ असं सांगणारा विक्रेता आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि तीनच का? दोनच असतील आणि त्यांच्यातली तार तुटली, तर समोरचा मेला की आपणच एकटे पडलो, हे कुणालाच ठरवता येत नाही. तिसऱ्याचं मत लागतं. हे तिसरं मत एखाद्या छोट्याशा मशीनकडे दिलं तरी चालतं, पण ते हवंच.

मेसेज खरा कुठे आहे? स्टोरेजमध्ये आणि जागेत. पुष्कळ लोक दोन चकचकीत सर्व्हर घेतात आणि दोघांच्या मागे स्टोरेजचा, म्हणजे डेटा साठवायचा, डबा एकच ठेवतात. तो गेला की खरंच सगळे गेले, आणि मग मेसेजवाल्याचा विजय. तीनही सर्व्हर एकाच खोलीत असतील तर तीच गत आगीची. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारच्या ७०९ यंत्रणा बंद पडल्या, त्यातल्या ९६ जळूनच गेल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली जिथे साठवल्या जात, त्या जी-ड्राइव्हचा ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. सगळं एकत्र आणलं म्हणून यंत्रणा बंद पडल्या, हे कबूल. पण डेटा कायमचा गेला तो दुसरी प्रत न ठेवल्यामुळे. आमची एक प्रत रोज रात्री बुटीबोरीला जाते, आणि दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही ती खरोखर उघडून, चालवून बघतो. टेबलाखालच्या डब्यांची प्रत? एक पेन ड्राइव्ह, वर्षानुवर्षं त्याच डब्याला खोचलेला.

इंटरनेटचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. रस्त्याचं खोदकाम निघालं, जेसीबीने फायबर तोडली, की काम ठप्प. पण मला सांगा, सर्व्हर गोडाऊनमध्येच असता तर गाडी गेटबाहेर निघाली असती? राज्याबाहेर जाणारा ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाशिवाय) हलत नाही, १ एप्रिल २०१८ पासून. ई-वे बिल निघतं ते सरकारी पोर्टलवर. एखाद-दुसरं बिल मोबाइलवरून काढता येईल, साठ गाड्यांची काढून दाखवा. म्हणजे नेट गेलं की धंदा अडतोच, सर्व्हर कुठेही असो. खर्च करायचाच तर तो दुसऱ्या लाइनवर करा. आणि दुसरी लाइन घेताना ती पहिलीच्याच खांबावरून येत नाही ना, हे स्वतः चालत जाऊन बघा. आमच्या वाडीच्या गोडाऊनला दोन कंपन्यांच्या दोन लाइनी होत्या आणि दोन्ही एकाच नालीतून गेलेल्या. एकाच जेसीबीने दोन्हींचा निकाल लावला. आता दुसरी मोबाइलच्या सिमवर चालते. तिसरा उपाय जुनाच, दिवसाची पिकिंग लिस्ट (कुठला माल कुठून काढायचा त्याची यादी) सकाळीच छापून ठेवायची.

स्कॅनर रखडण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथे दोन निराळ्या गोष्टींची मिसळ झालीय.

अंतरामुळे रखडणं म्हणाल, तर फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. बुटीबोरी शहरापासून तीसेक किलोमीटर. म्हणजे जायला ०.१५ मिलिसेकंद. वाटेतल्या यंत्रांचं सगळं धरून आमच्याकडे जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद पडतात. बारकोड म्हणजे मोजून काही अक्षरं, त्यात ८ मिलिसेकंद कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पण आमचं जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर निराळ्या स्वभावाचं. माल आवकीचा एक स्क्रीन उघडताना ते डेटाबेसला तीनेकशे बारीक बारीक प्रश्न विचारतं, एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा नाही. डेटाबेस त्याच खोलीत होता तोवर कुणाला कळलं नाही. आता तीनशे गुणिले ८, म्हणजे २,४०० मिलिसेकंद, प्रत्येक स्क्रीनला जवळजवळ अडीच सेकंद. पहिल्याच दिवशी बुटीबोरीच्या ऑपरेटरांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मेसेजवाल्याने हेच कुठेतरी पाहिलं असणार. उपाय सोपा निघाला. डेस्कटॉप सॉफ्टवेअरही डेटाबेसच्या शेजारीच, सर्व्हरवर चालवायचं, आणि गोडाऊनच्या पीसीवर फक्त त्याचा पडदा पाठवायचा. तीनशे प्रश्नोत्तरं त्या खोलीतल्या खोलीत उरकतात. हे आधी न तपासता जो सर्व्हर हलवेल त्याचं सॉफ्टवेअर रखडणारच, आणि दोष सामायिक सर्व्हरला जाईल.

दुसरं रखडणं वायफायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचे आणि थंड पेयांचे खोके छतापर्यंत रचले जातात. पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच पितं, त्यात लोखंडी रॅक. दोन ओळींच्या मध्ये स्कॅनर मुका होतो. हे सर्व्हर टेबलाखाली होता तेव्हाही व्हायचं. अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी यंत्रं) ओळींच्या डोक्यावर टांगले आणि तक्रारी थांबल्या.

व्हायरसचं घ्या. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. आपल्या न्हावा शेव्यातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं होतं. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनीच पुढच्या वर्षी दाव्होसला सांगितलं. हे सर्व्हर काही एका डब्यात नव्हते, जगभर विखुरलेले होते. वेगळेपणाने वाचवलं नाही, कारण नेटवर्क एकच होतं. कंपनीच्या लॉगिनची सगळी यादी शाबूत राहिली ती घानाच्या ऑफिसात, आणि तीही त्या वेळी तिथली लाइट गेलेली होती म्हणून! आमच्या पाच डब्यांचा अॅडमिन पासवर्ड एकच होता, आणि तो काय असेल हे तुम्ही ओळखलंच असेल.

उलट बाजूही सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, थेट व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या ईएसएक्सआय या व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवरच हल्ला केला, म्हणजे एका दणक्यात सगळी मशीनं. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच, म्हणजे ते बुजवणारी दुरुस्ती, दोन वर्षांपूर्वीच आलेला होता. सामायिक सर्व्हरचं नियंत्रण पॅनल ऑफिसच्या नेटवर्कवर उघडं ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच टांगणं. आणखी एक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग (यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. पाच टेबलांखालून ते कोण गोळा करणार?

लायसन्सबद्दल मेसेजवाल्याचा रोख ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीवर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरपासून कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून वर्गणी लावली. लोकांचे खर्च वाढले, हे खरंच. पण सामायिक सर्व्हर म्हणजे व्हीएमवेअरच, असं कुणी सांगितलं? व्हर्च्युअल मशीन चालवणारी इतरही सॉफ्टवेअरं आहेत: केव्हीएम लिनक्समध्ये २००७ पासून आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स आहे, शिवाय हायपर-व्ही आहे. खरी मेख विंडोजची. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड लायसन्समध्ये दोनच व्हर्च्युअल मशीन येतात, आणि मशीन ज्या ज्या सर्व्हरवर उडी मारू शकतं त्या प्रत्येकाचं लायसन्स लागतं. हा हिशोब आधी करा, नाहीतर बचत कागदावरच राहते. त्या पाच डब्यांत खरी लायसन्सं किती होती, हे मात्र आमच्या मालकांसमोर विचारू नका.

पार्ट्यांचा डेटा मिसळत नाही. फ्लॅट स्कीममध्ये लिफ्ट एक असते, कुलपं वेगळी.

राहिलं ‘चालतंय ते चालू द्या’. हिंगण्याचं गोडाऊन सहा वर्षं छान चाललं होतं. तिथे एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची फुकट एक्सप्रेस आवृत्ती होती, विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू वर. त्या विंडोजचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय. आणि त्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसची मर्यादा १० जीबी. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत रात्री पावणेदोनला ती भरली. जुना माल दिसत होता, नवी एंट्री एकही घेईना. रात्रपाळीच्या पोरांनी वहीत लिहायला घेतलं आणि मी घरून जुनी जीआरएन (माल आवकीच्या नोंदी) काढून टाकत बसलो, वर्षावर्षाने, पहाटे चारपर्यंत.

आम्ही तेच गोडाऊन सगळ्यांत आधी हलवलं, दिवाळी उरकल्यावर, एका शनिवारी रात्री. जुना डबा महिनाभर कपाटात तसाच ठेवला होता, लागला तर असावा म्हणून. लागला नाही. त्याचा प्लग आता कूलरला दिलाय.