पैसे दिले, आता फोटो द्या

आज सकाळपासून डोकं तडकलंय, तेव्हा पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

गेल्या महिन्यात आम्ही वीस-बावीस जणांनी मिळून बेघर बायका आणि त्यांच्या मुलांच्या एका निवाऱ्यासाठी वर्गणी काढली, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दिली आणि देऊन विसरूनही गेलात. तुमच्यावर राग नाही. राग आहे तो आज सकाळच्या मेसेजवर. एका सद्गृहस्थांनी (रक्कम घसघशीत दिलीये, नाकारत नाही) ग्रुपवर लिहिलं, "पैसे पोचल्याची पावती मिळाली. पण फोटो कुठे आहेत? त्या बायका, ती मुलं, वस्तू घेताना वगैरे? नुसत्या पावतीने समाधान होत नाही." त्याखाली अकरा अंगठे. अकरा! त्यातले चार माझ्या अगदी जवळच्या माणसांचे.

मी उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा जे लिहिलं ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे आले.

नऊ वर्षांपूर्वी मी अशाच एका निवाऱ्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी जायचे. फार मोठं काही करत नव्हते. आलेल्या पिशव्या उघडायच्या, कपडे लावायचे, रजिस्टर भरायचं, मुलांचा अभ्यास घ्यायचा. एका रात्री, साडेनऊ वाजून गेले असतील, एक बाई दोन मुलांना घेऊन आली. मुलगी नऊ-दहा वर्षांची, मुलगा तिच्याहून लहान, उभ्या उभ्या झोपणारा. सामान काय, तर मुलीचं दप्तर. त्यात वह्यांच्या मधे दोघांचे जन्मदाखले घातलेले. एवढंच घेऊन ती निघाली होती. तिथल्या ताईंनी तिला खोली दाखवली, पांघरुणं दिली. तिने आधी दाराची कडी लावून पाहिली, मग भिंतीतलं कपाट उघडून पाहिलं आणि विचारलं, "याला कुलूप आहे का?"

नव्हतं.

"मग किल्ली माझ्याकडे राहील असं दुसरं काही आहे का?"

तसंही काही नव्हतं. ती रात्रभर दप्तर उशाला घेऊन, त्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपली. सकाळी मनगटावर वळ होता, असं ताईंनी मला नंतर सांगितलं.

तर मी मोठ्या उत्साहाने सगळ्यांना आवाहन केलं की कुलपांची कपाटं घ्यायची आहेत, प्रत्येक कुटुंबाला एक, मदत करा. काय आलं सांगू? जवळजवळ काही नाही. आणि त्याच महिन्यात खेळणी आली. मऊ अस्वलं, ससे, खोक्यांवर खोकी. एक अख्खी खोली भरली अस्वलांनी, ज्या खोलीत एक कुटुंब राहू शकलं असतं! 'बेघर मुलं' म्हटलं की माणसांना अस्वल सुचतं. अस्वलाला मिठी मारलेल्या मुलीचा फोटो छान येतो ना. कुलपाचा काय फोटो काढणार?

मला माहीत आहे, मुलांना खेळणं हवंच असतं. असो.

निवाऱ्याला खरं काय लागतं ते कधी विचारलंय का कुणी? नवे, वापरलेले नव्हे, नवे अंतर्वस्त्रांचे जोड. लोक जुने देतात. धुऊनसुद्धा नाही. मी उघडल्यात त्या पिशव्या, मला सांगू नका. सॅनिटरी पॅड, दर महिन्याला. कागदपत्रांच्या झेरॉक्स. कोर्टात, शाळेत, कामाच्या मुलाखतीला जायला प्रवासाचे पैसे. बाहेर पडून स्वतःची खोली घ्यायची तर अनामत रक्कम. आणि पगार. हो, पगार! "आम्ही दिलेला पैसा थेट गरजूंपर्यंत जायला हवा, पगारात नको," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकताना आता माझा चेहरासुद्धा हलत नाही. रात्री अडीच वाजता मार खाऊन आलेल्या बाईला दार कोण उघडणार? अस्वल? दारावर कुणी धिंगाणा घालायला आलं तर त्याला कोण अडवणार? रात्रपाळीची बाई हाच तो निवारा. ती नसेल तर उरतात चार भिंती आणि खेळण्यांची खोली.

त्या रात्री दार उघडणाऱ्या ताईंचा पगार तीन महिने थकला होता. हे मला फार नंतर कळलं.

आता फोटोंचं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडचणीत सापडलेल्या विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की न्यायचं ते त्यांनी ठरवावं. त्याच्या ज्या जाहिराती भिंतींवर लागल्या त्यांत मुख्य आश्वासन होतं ते गुप्ततेचं. १८६३! तेव्हा त्या दोघांना कळलं होतं की अशा बाईला छपराइतकीच गरज असते ती आपलं नाव कुणाच्या तोंडी न जाण्याची. आपण मात्र हातात मोबाइल घेऊन विचारतोय, "चेहरे दिसतील असा एक ग्रुप फोटो मिळेल का?"

अशा कित्येक निवाऱ्यांचा पत्ता जाहीर केलेला नसतो. कारण बाई ज्याच्यापासून पळून आलेली असते तो तिला शोधत असतो. तो शाळेबाहेर उभा राहतो, नातेवाइकांना फोन करतो, मुलांचे फोटो लोकांना दाखवत फिरतो. आणि आपण त्याचं काम सोपं करायचं, वर ते फ्रेम करून लावायचं! १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलाच्या खासगीपणासाठी वेगळं कलम आहे, सोळावं. आपल्या स्वतःच्या मुलांचे फोटो शाळेने विचारल्याशिवाय टाकले की आपण मुख्याध्यापकांकडे धावतो. ही मुलं वर्गणीतून आली म्हणून सार्वजनिक झाली काय?

ग्रुपवर अजून एक ताई म्हणाल्या, "मला तर रस्त्यावर फारशा बायका झोपलेल्या दिसत नाहीत, इतकी गरज आहे का खरंच?" त्यांच्यावर मात्र चिडवत नाही मला, कारण मलाही पूर्वी असंच वाटायचं. बाई रस्त्यावर झोपत नाही कारण रस्त्यावर झोपलेल्या बाईचं काय होतं ते तिला ठाऊक असतं. ती पंधरा दिवस बहिणीकडे काढते, आठ दिवस मैत्रिणीकडे, मग एखाद्या दवाखान्याच्या बाकावर रात्रभर पेशंटची नातेवाईक असल्यासारखी बसते. मुलांना सांगते, आपण पाहुणे आलोय. रात्री रस्त्यावर फिरून बेघरांची मोजणी करणाऱ्यांना ती सापडतच नाही. १९७१ साली लंडनच्या चिझविक भागात बायकांना एकत्र बसायला म्हणून एक लहानसं घर उघडलं गेलं. बसायला म्हणून आलेल्या बायका मुलांना घेऊन तिथेच राहिल्या, कारण परत जाण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. ते घर ओसंडून वाहायला लागलं, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं की अशा बायका आपल्याच गल्लीत राहत होत्या. कुणाला दिसल्या होत्या त्याआधी?

माझ्या त्या दप्तरवाल्या बाईनेही आधीचे चार महिने असेच काढले होते. पाच घरं. मुलगी माझ्याकडे अभ्यासाला बसली की वहीच्या पहिल्या पानावर आपलं नाव लिहायची, इयत्ता लिहायची आणि पत्त्याची ओळ रिकामी सोडायची.

बरं, हिशेब मागू नये असं मी म्हणत नाही. मागा. बिलं मागा, ताळेबंद मागा, खातं कुणाच्या नावावर आहे ते विचारा. लबाड लोक या धंद्यातही आहेत, मान्य. पण हिशेब पावतीत असतो. एका बाईला उभं करून तिच्या हातात पिशवी दिल्याच्या फोटोत कसला हिशेब? त्या पिशवीत काय आहे हे तरी दिसतं का?

चहूकडून ऐकू येणारं आणखी एक म्हणजे 'वन टाइम'. "वन टाइम काय लागतं ते सांगा, देऊन टाकतो." देऊन टाकतो! भाडं दर महिन्याला येतं हो. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, गावोगाव बोलत होत्या. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी जे मंडळ स्थापन झालं त्याने वचन दिलं ते दहा वर्षांचं. त्या जोरावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवांसाठी घर आणि शाळा. ज्या मुली त्या बॉस्टनवाल्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, ज्यांची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांच्यासाठी दहा वर्षं. (अहवाल त्यांनीही मागितले, आणि पुढे वादही झाले, ते मला माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका.) आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला थोडे थोडे द्या म्हटलं तर बावीसपैकी पाच जण तयार झाले. पाच. एकदम मोठी रक्कम द्यायला तयार होते पंधरा. एकदाच दिलं की कार्यक्रम करता येतो ना. दर महिन्याच्या चार तारखेला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा कसला कार्यक्रम?

इथे मी थांबून पाणी पिऊन आले.

खरं सांगू का? त्या सद्गृहस्थांवर एवढी का चिडलेय ते मला कळतंय. ते मी आत्तापर्यंत लिहिलं नाही. घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलेलंही नाही.

अस्वलांच्या त्या महिन्यानंतर मी ठरवलं की लोकांना कुलूप पटत नाही, तर पटेल असं काहीतरी दाखवायचं. ती मुलगी खिडकीपाशी बसून चित्र काढत होती. दुपारचं ऊन तिच्या केसांवर पडलं होतं. मी मागून फोटो काढला. चेहरा दिसत नव्हता. मी स्वतःला जबाबदार समजत होते, चेहरा न दाखवण्याची काळजी मी घेतली होती. दोनशे पत्रकं छापली, इथे फेसबुकवरही टाकला. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवतही असेल. फार लोकांनी शेअर केला होता.

तिसऱ्या दिवशी ती बाई ऑफिसात झेरॉक्ससाठी आली आणि टेबलावर पत्रकांचा गठ्ठा पाहिला. ओरडली नाही, रडलीही नाही. एक पत्रक उचललं आणि फोटोच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. मुलीच्या शेजारी जमिनीवर दप्तर होतं. दप्तरावर शाळेचं नाव होतं, छापलेलं, ठळक.

"ताई," ती म्हणाली, "त्याला वाचता येतं."

मी पोस्ट काढली. उरलेली पत्रकं फाडली, हाताने, एकेक. वाटून झालेल्या पत्रकांचं काय करणार? आठवड्याच्या आत ती दोन्ही मुलांना घेऊन दुसऱ्या ठिकाणी गेली. मुलीची शाळा पुन्हा बदलली. तिथल्या ताई मला म्हणाल्या, "तिला जायचंच होतं, तुझ्यामुळे नाही." मी लगेच विश्वास ठेवला. तो ठेवणं माझ्या सोयीचं होतं. काही वाईट घडलं का, तो पोचला का, मला माहीत नाही. पुढचं मला कुणी सांगितलं नाही आणि सांगूही नये, नियमच तसा आहे, बरोबरच आहे.

आणि त्या पत्रकावर पैसे आले. त्या वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम त्या फोटोने आणली, हे मला लपवता येणार नाही. 'फोटोशिवाय लोक देत नाहीत' असं जे म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. त्या पैशांतून सात कपाटं आली, सात कुलपं, प्रत्येकाला दोन किल्ल्या. मी स्वतः किल्ल्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावल्या. कपाटं आली तेव्हा ती तिथून जाऊन दीड महिना झाला होता.

म्हणून, दादा, तुम्ही हे वाचत असाल (वाचणारच, आपले अकरा कॉमन फ्रेंड्स आहेत), तर तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. तुम्ही जे मागताय ते मी न मागता करून बसलेय. तुम्हाला फोटो मिळणार नाहीत. रात्रपाळीच्या पगाराची पावती, पॅडचं बिल, दोन कुटुंबांच्या अनामत रकमेच्या पावत्या, नावं काळी करून, आज रात्री ग्रुपवर टाकते. त्यावर समाधान होत नसेल तर तुमची रक्कम मी माझ्या खिशातून परत करते, हप्त्याने करावी लागेल, पण करते.

आत्ता ग्रुपवर डोकावून आले. अंगठे तेरा झालेत.