"बाहेर पडा, चर्च भरेल" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

पंधरा दिवसांत तो मेसेज मला पाच ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या महिला मंडळाचा, जिथं मला फक्त नाताळच्या फराळाची यादी टाकायला ॲड केलंय. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मेसेज म्हणतो: आपली मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) चर्च रिकामी पडली ती बिशप आणि वरच्या लोकांमुळेच. अमेरिकेत हजारो मेथडिस्ट मंडळ्या (म्हणजे एकेका चर्चचे सभासद) दोन तृतीयांश मतदान करून बिल्डिंगसकट बाहेर पडल्या आणि आज भरभरून वाहतायत, आपणही तेच करायचं. जागा आपल्या आजोबांच्या घामाची, कायदा आपल्या बाजूनं. पास्टरच्या बदल्या करायचा हक्क वरच्यांना दिला कुणी? आणि 1970 ला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अनेक पंथ मिळून झालेलं चर्च) गेलो असतो तर ही वेळच आली नसती. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'दहा जणांना पाठवा'.

आधी हे सांगून टाकतो, नाहीतर मला वरच्यांचा माणूस ठरवतील. मी सोलापुरातल्या एका लहान मेथडिस्ट मंडळीचा सभासद, नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या रविवारी मोजली तर 31 डोकी, त्यात सहा लेकरं आणि एक रिक्षावाला, जो आजींना सोडायला आला आणि फॅन बघून बसला. छप्पर गळतंय म्हणून दोन पावसाळे पत्रं लिहितोय, उत्तर नाही. हिशेब विचारला की 'पुढच्या मीटिंगला बघू'. वरची वर्गणी मात्र तारखेला मागतात. म्हणजे राग मलाही आहे, आणि कदाचित मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जास्तच आहे. म्हणूनच तो राग असल्या मेसेजात वाया जातोय याचा त्रास होतो.

चर्च रिकामं झालं ते वरच्यांमुळे, हा पहिला मुद्दा. आमच्या डाव्या बाजूच्या चार बाकांवर कोण बसायचं ते मी अजून नावानं सांगू शकतो. मिलमधले, रेल्वेतले, सिव्हिलमधल्या सिस्टर, दोन शाळामास्तर. जुनी मिल 1877 ची, ती तर वडिलांच्या तरुणपणीच बंद पडली. मग नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गेली, नंतर नरसिंग गिरजी. भोंगे बंद झाले तसे बाक बंद झाले. त्या घरांतली पोरं आज हडपसर, पिंपरी, हिंजवडीला आहेत, नाताळला येतात, फोटो काढतात आणि परत हुतात्मा एक्सप्रेस धरतात. त्यांना बिशपनं हाकललं का बे? पगारानं नेलं त्यांना. काही घरं इथंच आहेत पण रजिस्टरवर नाहीत, कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, मग पोराच्या ॲडमिशनच्या वेळी बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट कपाटात खाली जातं. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. आणि काही जण जुळे सोलापूरकडं हॉलमध्ये भरणाऱ्या फेलोशिपला (वेगळ्या प्रार्थनासभेला) जातात, तिथं गिटार आहे, आणि आजारी पडलं तर संध्याकाळी कुणीतरी घरी येतं.

ते घरी येणं महत्त्वाचं आहे, त्यावर खाली बोलतो.

मेसेज अमेरिकेचं उदाहरण देतो म्हणून तिथलाच आकडा घ्या. युनायटेड मेथडिस्ट चर्च 1968 ला तयार झालं तेव्हा तिथले सभासद साधारण 1 कोटी 10 लाख होते. 2018 ला, म्हणजे लोक बाहेर पडायला लागले त्याच्याही आधी, ते 70 लाखांच्या खाली आले होते. पन्नास वर्षांत चांगले बिशप झाले, वाईट झाले, गळती काय थांबली नाही. वरचे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही, गळणारं छप्पर दोन वर्षं तसंच ठेवणं हा गुन्हाच आहे. पण भोक त्यांनी पाडलं नाही.

आता अमेरिकेचंच पुढचं, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. तिथं 2019 च्या फेब्रुवारीत सेंट लुईसला खास जनरल कॉन्फरन्स (पूर्ण चर्चची सगळ्यात वरची सभा) झाली आणि त्यांच्या नियमांच्या पुस्तकात 2553 नंबरचं कलम घातलं गेलं. दोन तृतीयांश मत मिळालं तर मंडळीनं मालमत्ता घेऊन बाहेर पडायचं, मुदत 2023 च्या डिसेंबरअखेर. साडेसात हजारांवर मंडळ्या गेल्या, तिथल्या जवळपास एक चतुर्थांश. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण भांडण रिकाम्या बाकांचं नव्हतं, समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळकांच्या दीक्षेवरून होतं, त्या वादात मी इथं शिरत नाही. शिवाय फुकट कुणी गेलं नाही. दोन वर्षांची वरची वर्गणी आणि पाळकांच्या पेन्शनमधला आपला वाटा आधी भरावा लागला. आमच्या मंडळीत लाईट बिलाला थैली फिरवावी लागते, तिथं पेन्शनचा वाटा कोण भरणार? आणि बाहेर पडलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी जे ग्लोबल मेथडिस्ट चर्च धरलं, 2022 च्या मे महिन्यात सुरू झालेलं, त्यालाही बिशप आहेत. आपल्याकडं बिशप नको म्हणून निघालेल्यांना हे कुणीतरी सांगा.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते कलम आपल्याला कधी लागूच नव्हतं. भारतातली मेथडिस्ट चर्च 1981 च्या जानेवारीपासून स्वायत्त आहे. अमेरिकेशी नातं आहे पण पुस्तक आपलं वेगळं, जनरल कॉन्फरन्स वेगळी, बिशप इथंच निवडले जातात. सेंट लुईसचा ठराव घेऊन इथं सात रस्ता चौकात भांडायला गेलो तर लोक हसतील.

जागेचा मुद्दा. इथं जरा थांबतो, कारण नुकसान होईल ते इथंच होईल.

आजोबांनी दगड वाहिले हे खरं आहे, माझ्याही आजोबांनी वाहिले, मिलची पाळी करून. पण त्यांनी दान दिलं, उसनं दिलं नव्हतं. मेथडिस्टांत जागा विश्वस्तांच्या नावानं संपूर्ण चर्चसाठी धरायची ही पद्धत मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्लीच्या काळापासूनची, 1763 ला त्यानं त्यासाठी नमुन्याचा दस्तच काढला होता, एखाद्या गावच्या चार लोकांनी भांडून चॅपल पळवू नये म्हणून. म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच.

आणि 'कायदा आपल्या बाजूनं' म्हणे. सुप्रीम कोर्टाचा 2013 चा निकाल आहे, गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या (दुसरा एक प्रोटेस्टंट पंथ) मालमत्तेचा. तिथं ब्रदरन मंडळी ठराव करून सीएनआयमध्ये विलीन झाली होती आणि मालमत्ताही तिकडे गेली असं सांगितलं जात होतं. कोर्टानं म्हटलं की सार्वजनिक न्यासाची मालमत्ता नुसत्या ठरावानं इकडून तिकडे जात नाही, न्यासाच्या कायद्याची पद्धत पाळावी लागते. त्यांच्या ठरावानं जागा गेली नाही तर आपल्या दोन तृतीयांश हातांनी ती आपल्याकडे कशी येईल? उलट ठराव करून कुलूप बदललं की पुढची वीस वर्षं तारखा, आणि वकिलाची फी त्याच लाईट बिलाच्या थैलीतून.

गंमत म्हणजे हाच कायदा वरच्यांनाही बांधतो, आणि मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची जमीन किंवा बिल्डिंग विकायची, किंवा बिल्डिंग तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानं द्यायची, तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. विश्वस्त बदलले तर बदल अर्ज करावा लागतो. नोंदीचा उतारा मागता येतो, सिटी सर्व्हेवरून प्रॉपर्टी कार्ड काढता येतं. आमच्या मंडळीतल्या किती जणांनी आयुष्यात आपल्या चर्चचं प्रॉपर्टी कार्ड बघितलंय? मी विचारलं होतं, एक हात वर आला, आणि तो पाणी मागत होता.

पास्टरच्या बदल्या. आमचे मागचे पास्टरसाहेब पोरांची शाळा चालू असताना बदलले, त्यांच्या मिसेस सामान बांधताना रडत होत्या, ते मी विसरणार नाही आणि तसं करणाऱ्यांना माफही करणार नाही. विचारायला हवं होतं, पोरांच्या परीक्षेपर्यंत थांबायला हवं होतं. पण 'हा हक्क दिला कुणी' याचं उत्तर सोपं आहे, मेथडिस्ट झालो तेव्हा आपणच दिला. फिरता पाळक हीच आपली मूळ पद्धत. वेस्लीनं 1756 च्या एका पत्रात लिहिलंय की एकाच जागी वर्षभर प्रवचन केलं तर मी स्वतः झोपेन आणि मंडळीलाही झोपवेन. (आमच्याकडे काही जणांना त्यासाठी वीस मिनिटं पुरतात, पण ते असो.)

फिरत्या पाळकाची ही पद्धत चालायची कारण पाळक गेला तरी मंडळी सांभाळणारे लोक गावातच असायचे. 1742 ला इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये वेस्लीच्या लोकांनी चॅपलचं कर्ज फेडायला म्हणून लोकांचे बारा-बारा जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक लीडर, त्यानं दर आठवड्याला घरोघर जाऊन एकेक पेनी गोळा करायची. पैसे मागायला गेलेल्या लीडरला कळलं की कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा नवरा पितो. त्यातून क्लास मीटिंग उभी राहिली. हे सगळं पाळक नसलेल्या साध्या लोकांनी केलं. आमच्याकडे शेवटचा क्लास लीडर वारला त्याला बरीच वर्षं झाली, त्याच्या जागी कुणी उभं राहिलं नाही. जुळे सोलापूरची फेलोशिप जे करते ते आपलंच होतं, आपण सोडलं आणि त्यांनी उचललं.

सीएनआयचं दोन ओळीत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला ते झालं, ब्रिटिश मेथडिस्ट त्यात गेले, आपले अमेरिकन परंपरेवाले ऐनवेळी मागे फिरले. चूक की बरोबर यावर जेवताना वाद घाला, माझी ना नाही. पण वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल कुठल्या विलीनीकरणातून आला ते परत एकदा वाचा.

आणि 'वरचे लोक आपल्यावर लादले' हेही पूर्ण खरं नाही. बिशप निवडणाऱ्या जनरल कॉन्फरन्सला लेमेन डेलिगेट, म्हणजे पाळक नसलेले साधे प्रतिनिधीही जातात. त्यांना आपल्यासारख्याच मंडळ्यांनी खालून निवडलेलं असतं. आमच्याकडून कॉन्फरन्सला वर्षानुवर्षं एकच गृहस्थ जातात, कारण दुसरं कुणी सुट्टी टाकत नाही. परत आले की जेवण कसं होतं ते सांगतात. मतदान कुणाला केलं ते कुणी विचारत नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात क्वार्टरली कॉन्फरन्स (मंडळीची तिमाही सभा) आहे, डीएससाहेब (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, आमच्या जिल्ह्याचे वरिष्ठ पाळक) येणार आहेत. मी तीन प्रश्नांचं पत्र लिहिलंय. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब कुठं आहेत, जागेच्या नोंदीवर आज विश्वस्त कोण आहेत, आणि छपराच्या पत्रांचं काय झालं. त्या फॉरवर्डला आमच्या ग्रुपवर चाळीस अंगठे आलेत, पत्रावर सह्या नऊ. रविवारी उपासना सुटल्यावर मागच्या बाकावर वही ठेवतो. पेन आपापलं आणा, गेल्या वेळचं कुणीतरी घेऊन गेलं.